पेढीवरील बैठक आणि खंडित व्यायाम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा तो वस्तू व सेवा कराच्या एखाद्या अंगाविषयी असावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी माणसे आपल्या संघात आहेत आणि दरसाल तीच लिहीत असतात. आम्ही ह्या वेळी निराळाच हिशेब मांडावयाचे ठरविले आहे. तो रोकडवहीचा नसून ज्या देहाने आपण ती रोकडवही लिहितो, त्या देहाचा आहे. कापडाच्या पेठेत पस्तीस वर्षे गादीवर बसून काढल्यानंतर ह्या दुसऱ्या खात्यात किती तूट साचली आहे, हे आम्हांस तीन वर्षांपूर्वी एकाच सकाळी कळून आले. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

त्या साली मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब श्रवणबेळगोळ येथे दर्शनास गेलो होतो. विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या उघड्या खडकात कोरलेल्या आहेत आणि त्या अनवाणीच चढावयाच्या असतात. तरुणपणी आम्ही तीर्थरूपांचा हात धरून ह्या पायऱ्या दोनदा चढलो होतो. त्या वेळी मध्ये थांबल्याचे आठवत नाही. ह्या खेपेस साधारण शंभराव्या पायरीवर कानांत ढोल वाजू लागले, दीडशेव्या पायरीवर आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो, आणि पुढे दर तीस-चाळीस पायऱ्यांनी बसकण मारण्याची वेळ आली. आमच्यापेक्षा वयाने थोर असलेला एक डोलीवाला खांद्यावर माणसाचा भार घेऊन आमच्या शेजारून शांतपणे वर गेला. त्याने आमच्याकडे पाहून नुसते "सावकाश या, साहेब" एवढेच म्हटले. वर बाहुबलींच्या चरणांशी पोहोचल्यावर डोळ्यांत पाणी आले, ते सर्वच भक्तीचे होते असे आम्ही म्हणू शकत नाही.

विशेष म्हणजे आम्ही काही अगदीच आळशी नव्हतो. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज सकाळी पाऊण तास फिरण्याचा आमचा परिपाठ दहा वर्षांचा. बरोबर पेठेतील चार मंडळी, कापसाच्या भावापासून राजकारणापर्यंत गप्पा, परतताना चहा. हा व्यायाम आपल्याला पुरेसा आहे, अशी आमची समजूत होती. घरी आल्यावर शरीरोपचाराचे शिक्षण घेत असलेल्या पुतण्यास ही हकीकत सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही दहा वर्षे एकाच चालीने चालता आहात. शरीराला ती चाल पाठ झाली आहे. ते त्यापलीकडे काही शिकतच नाही." मग त्याने आम्हांस ज्या पद्धतीची ओळख करून दिली, तिला इंग्रजीत 'हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग' असे लांबलचक नाव आहे. आम्ही ह्या लेखापुरते तिला 'खंडित व्यायाम' म्हणू. थोडा वेळ नेटाचा परिश्रम, मग थोडा वेळ हलकी हालचाल, पुन्हा परिश्रम, पुन्हा विसावा, असे तिचे स्वरूप आहे.

हल्लीच्या तरुण पिढीला ही कालची कल्पना वाटते. वस्तुतः ती जुनी आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे धावण्याचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल नावाचे हृदयतज्ज्ञ ह्या दोघांनी मिळून तिला शास्त्रीय बैठक दिली. धावपटूने थोडे अंतर वेगाने धावावे, नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जावेत, मग विसावा घ्यावा, आणि ठोके १२० वर उतरले की पुन्हा धावावे. दीड मिनिटात ते उतरले नाहीत, तर परिश्रम अधिक झाला असे समजावे. गंमत अशी की, त्यांच्या मते खरा लाभ धावण्यात नसून मधल्या विसाव्यात होता, कारण त्या वेळी हृदय दर ठोक्याला भरपूर रक्त लोटत असते. पद्धतीचे नावही त्या मधल्या अवकाशावरूनच पडले. गेर्शलर ह्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. पूर्वीचा उच्चांक त्याने १.८ सेकंदांनी मोडला आणि त्याचा हा उच्चांक १९५५ पर्यंत कोणास मोडता आला नाही. हार्बिग स्वतः मात्र तो मोडलेला पाहावयास राहिला नाही. १९४४ साली तो युद्धात कामी आला.

पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने चारशे मीटरच्या जलद फेऱ्या आणि मध्ये दोनशे मीटरची हलकी धाव, असा क्रम दिवसाला कित्येक डझन वेळा गिरविला, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळविली. त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक पटकाविले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांच्या तालमीत 'इंटरव्हल' हा शब्द कोणी उच्चारला असेल असे वाटत नाही. पण जोर, बैठका, सपाट्या, मग दम खाणे, मग जोडीशी झटापट, पुन्हा दम खाणे, ह्या क्रमाला दुसरे काय म्हणावे? कबड्डीची चढाई तीस सेकंदांची. चढाई करून आलेला गडी परत आपल्या अंगणात उभा राहून श्वास सावरतो. खो-खोत पाठलाग करणारा काही क्षण वाऱ्यासारखा पळतो आणि खो देऊन बसतो. ह्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली प्रथम बांधले गेले. ज्यांचे बालपण ह्या दोन खेळांत गेले, त्यांनी खंडित व्यायाम भरपूर केला आहे. दुकानाची किल्ली हाती आली आणि तो सुटला, एवढेच.

आता बसून राहण्याने काय होते, ते पाहू. ह्या बाबतीत लंडनच्या बसगाड्यांवरील एक अभ्यास आमच्या धंद्यास तंतोतंत लागू पडतो. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांच्या प्रकृतीची पाहणी करून १९५३ साली ती 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केली. दुमजली बसचा चालक दिवसभर बसलेला, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. पगार, शहर, धूर, पाळ्या जवळपास सारख्याच. तरीही हृदयविकाराचे झटके चालकांत वाहकांहून लक्षणीय अधिक आढळले. आपल्या दुकानांत हेच चित्र नाही काय? मालक गादीवर लोडाला टेकून, आणि माळ्यावरून तागे काढणारा पोऱ्या शिडीवरून दिवसाला शंभर वेळा वर-खाली. त्या पोऱ्याची तब्येत आपल्याहून चांगली असते, ती केवळ त्याच्या वयामुळे नव्हे.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा एक जोड-फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला होता. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. दोघेही पाहावयास सडपातळ. परंतु मोजणीत युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपण भारतीय लोक वरून बारीक आणि आतून लठ्ठ असू शकतो, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दाखविले नसेल. स्नायू कमी, पोटाच्या आत चरबी अधिक, म्हणून मधुमेह लवकर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत आणि राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांपैकी चौघांत एकाहून अधिक. आमच्या संघाचे कित्येक सभासद मडगाव, म्हापसे, पणजी येथे व्यापार करतात. त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

खंडित व्यायाम ह्या ठिकाणी नेमके काय करतो, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण गप्पा मारीत सावकाश चालतो, तेव्हा मांडीच्या स्नायूंतील केवळ मंद गतीचे, चिवट तंतू कामाला लागतात. जलद आणि जोरदार तंतू स्वस्थ पडून असतात. ते अडचणीच्या वेळीच उठतात. वय वाढते तसतसे हेच जोरदार तंतू आधी झिजतात, आणि म्हणून म्हातारा माणूस ठेच लागली की तोल सावरू शकत नाही. चाल नेटाची झाली, चढ आला, की ह्या तंतूंना उठावे लागते. त्यांच्यात साठविलेली साखर झपाट्याने खर्च होते, आणि रिकामी झालेली वखार भरून काढण्यासाठी स्नायू रक्तातील साखर ओढून घेऊ लागतात. परिश्रमाच्या काळात हे काम इन्सुलिनच्या मदतीवाचूनही चालते, आणि त्यानंतर एक-दोन दिवस आहे तेवढे इन्सुलिन अधिक गुणकारी ठरते. मधुमेह्यास ह्याहून मोलाचे काय असावे? दुसरा फेरफार पेशींच्या आत होतो. साखर व चरबी जाळून शक्ती निर्माण करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या प्रत्येक पेशीत असतात, त्यांची संख्या व कसदारपणा वाढतो. तिसरा फेरफार हृदयात. ते दर ठोक्याला अधिक रक्त लोटावयास शिकते. जे काम पूर्वी सत्तर खेपांत होई, ते साठ खेपांत होऊ लागते. हमालीची सवय असलेल्यांना ही बचत सांगावयास नको.

ह्या सर्वांचे एकत्रित माप म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू उपयोगात आणू शकते, हे होय. जपानमध्ये इझुमी ताबाता ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्याच मापावर उभा आहे. त्यांनी तरुण खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम गतीने स्थिर सायकल चालविली. दुसऱ्याने वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विसावा, असे सात-आठ वेळा केले. पहिल्या गटाची प्राणवायू-क्षमता वाढली, पण क्षणिक जोराची शक्ती वाढली नाही. दुसऱ्या गटाची प्राणवायू-क्षमता तर वाढलीच, शिवाय क्षणिक जोरही २८ टक्क्यांनी वाढला. ह्यावरून 'चार मिनिटांत व्यायाम' अशा जाहिराती जगभर निघाल्या. जाहिरातदार हे सांगत नाहीत की, ती चार मिनिटे अशी होती की शेवटी तरुण खेळाडूंना पायटा फिरविणे अशक्य व्हावे. घरातील सतरंजीवर हातपाय हलवून ताबातांचा प्रयोग केला असे समजणे, म्हणजे वजनाचा काटा न पाहता माल तोलणे होय.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि सहकाऱ्यांनी सामान्य माणसास धरून प्रयोग केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांच्या एका गटाने आठवड्यातून तीनदा दहा मिनिटे सायकल चालविली. त्या दहा मिनिटांत वीस सेकंदांचे तीनच जोरकस टप्पे, बाकी सर्व हलकी गती. दुसऱ्या गटाने प्रत्येक वेळी पंचेचाळीस मिनिटे मध्यम गतीने चालविली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची प्राणवायू-क्षमता सारखीच, १९ टक्क्यांनी वाढली, आणि इन्सुलिनचा गुणही दोहोंत सुधारला. वेळ नाही, ही सबब सांगणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. मात्र प्रयोगातील माणसे थोडी होती आणि तरुण होती, हेही खतावणीत मांडून ठेवणे आवश्यक आहे.

आमच्यासारख्या साठीकडे झुकलेल्यांना ह्यांतील काहीच जसेच्या तसे उचलता येण्याजोगे नव्हते. पुतण्याने जे उचलून दिले, ते जपानमधील मात्सुमोतो गावचे. तेथील शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मध्यमवयीन व वृद्ध माणसांसाठी केवळ चालण्याचा खंडित क्रम आखला. तीन मिनिटे जलद, तीन मिनिटे मंद, असे पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस किंवा अधिक. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४६ माणसे होती, सरासरी वय ६३, आणि बहुसंख्य स्त्रिया. पाच महिन्यांनंतर खंडित चालणाऱ्यांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बल १३ टक्क्यांनी आणि वाकविणाऱ्या स्नायूंचे १७ टक्क्यांनी वाढले, रक्तदाबही उतरला. एकाच मध्यम चालीने रोज आठ हजार पावले चालणाऱ्यांस एवढा लाभ झाला नाही. हे वाचले तेव्हा व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतील आमची दहा वर्षे डोळ्यांपुढे उभी राहिली.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मधुमेह्यांपुरता होता. एका गटाने चार महिने तीन-तीन मिनिटांच्या आलटून-पालटून चालीने, आणि दुसऱ्याने तेवढीच शक्ती खर्च होईल अशा बेताने एकाच चालीने चालावयाचे. पहिल्या गटाची प्राणवायू-क्षमता १६ टक्क्यांनी वाढली, वजन सरासरी चार किलोंहून अधिक उतरले, दिवसभर साखर मोजणाऱ्या यंत्रावरील सरासरीही खाली आली. एकाच चालीने चालणाऱ्यांत ह्यांपैकी काहीच घडले नाही. पाय तेच, रस्ता तोच, खर्च तोच; फक्त चालीतील चढ-उतार निराळा.

येथे आम्हांस थोडे थांबून एक कटू प्रसंग सांगावा लागतो. पेठेतील आमचे एक स्नेही, वय बावन्न, धान्याची अडत, शरीराने भरलेले. मुलीच्या लग्नापूर्वी अंग हलके करावे म्हणून ते एका व्यायामशाळेत गेले. तेथील तरुण शिक्षकाने ना वय विचारले, ना रक्तदाब पाहिला. पहिल्याच दिवशी उड्या, धावणे, दोऱ्या ओढणे, सर्व एका दमात. तिसऱ्या दिवशी छातीत दाटून आले. त्यांनी आपल्यातील नित्याची समजूत करून घेतली, "गॅस झाला असेल", आणि सोड्याचे पाणी घेऊन दुकान उघडले. दुपारी घाम फुटला, डावा हात जड झाला. दुकानातील दिवाणजीने त्यांचे न ऐकता सरळ रिक्षात घातले, म्हणून ते आज आपल्यात आहेत. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली. दिवाणजी अर्धा तास संकोचात राहिला असता, तर ह्या अंकात त्यांचे छायाचित्र निराळ्या पानावर छापावे लागले असते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, चाळिशी उलटलेल्या, मधुमेही, रक्तदाबाच्या, तंबाखूच्या सवयीच्या, किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या प्रत्येकाने जोराचा व्यायाम आरंभण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. चालताना छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, घेरी, किंवा नेहमीहून निराळी धाप वाटली, तर तेथेच थांबावे आणि त्यास गॅस समजू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर परिश्रमानंतर एकाएकी घसरू शकते. त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे. मधुमेहाने डोळ्यांतील पडदा बिघडलेल्यांनी तर परवानगीवाचून हे करूच नये.

परंतु भीतीने व्यायाम सोडणे हाही हिशेब चुकीचाच. नॉर्वेतील त्रोंदहाइम येथे उलरिक विस्लफ ह्यांनी झटका येऊन हृदय दुर्बल झालेल्या, सरासरी पंचाहत्तर वर्षांच्या रुग्णांना देखरेखीखाली चार मिनिटे जोराचे आणि तीन मिनिटे हलके, असे चार वेळा चालविले. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, बारा आठवड्यांत ह्या रुग्णांची प्राणवायू-क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. एका चालीने चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी. ह्या रुग्णांची संख्या एकंदर सत्तावीसच होती, आणि पुढे २०१७ साली अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या मोठ्या प्रयोगात एवढा फरक दिसून आला नाही. धोक्याविषयी बोलावयाचे, तर नॉर्वेतच ४,८४६ हृदयरुग्णांच्या १,७५,८२० तासांच्या व्यायामाचा जमाखर्च २०१२ साली मांडला गेला. त्यात हृदय बंद पडण्याच्या घटना तीनच घडल्या. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक, ती प्राणघातक, आणि जोराच्या ४६,३६४ तासांत दोन, दोघेही वाचले. देखरेख असेल तर धोका अल्प आहे, पण अगदी शून्य नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. आमचे अडतदार स्नेही आता रुग्णालयाच्या देखरेखीखाली हाच क्रम सौम्य प्रमाणात करीत आहेत. कन्येच्या लग्नात ते स्वतः पंगतीत वाढावयास उभे होते.

आयुष्य वाढते काय, असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. त्याच त्रोंदहाइममध्ये सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या १,५६७ नागरिकांवर पाच वर्षे प्रयोग झाला आणि २०२० साली निकाल आला. व्यायामाचा आखीव क्रम दिलेल्यांच्या व केवळ सरकारी सल्ला दिलेल्यांच्या मृत्युप्रमाणात ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. अर्थात् तेथील सरकारी सल्ला मानणारे वृद्धही रोज चालणारे होते. गादीवर बसणाऱ्यांशी ती तुलना नव्हती. वजनाविषयीही भ्रम नको. व्यायामानंतर तासन्तास चरबी जळत राहते, असे जे सांगतात, त्यातील खरा अंश फार थोडा आहे. बेळगावचा कुंदा आणि चार वाजताची शेव तशीच चालू ठेवून कोणाचे पोट तीन मिनिटांच्या चालीने उतरणार नाही. आम्ही स्वतः वर्षात अडीच किलोच उतरलो.

आता प्रत्यक्ष क्रम. पहिली पाच मिनिटे नेहमीच्या सावकाश चालीने. मग तीन मिनिटे इतकी जलद चाल की, एखाद-दुसरा शब्द बोलता यावा, पण कापसाचा भाव समजावून सांगता येऊ नये. हीच आमच्या मते सर्वांत सोपी मोजपट्टी. हात कोपरात वाकवून हलवावेत, पाऊल नेहमीहून लांब टाकावे, टाच प्रथम टेकावी. त्यानंतर तीन मिनिटे रमतगमत. असे पाच वेळा. नाडी मोजावयाची असेल, तर २२० मधून वय वजा केल्यास कमाल ठोक्यांचा अदमास निघतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाचा तो १६५ येतो, आणि जलद टप्प्यात त्याच्या पाऊण हिश्श्याच्या पुढेमागे असावे. रक्तदाबावरील काही गोळ्या ठोके मुळातच कमी ठेवतात; ती औषधे घेणाऱ्यांनी आकड्यापेक्षा धापेवर भिस्त ठेवावी. पहिल्या पंधरवड्यात तीन टप्पे पुरेत. गुडघे दुखणाऱ्यांनी मऊ मातीवर चालावे किंवा स्थिर सायकल घ्यावी.

वेळेविषयी आपल्या मंडळींची एक सोय आहे. पुष्कळ घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. त्यानंतर तास-दीड तासाने केलेली अर्ध्या तासाची चाल जेवणानंतर चढणाऱ्या साखरेस आवर घालते. मात्र पर्युषणात, विशेषतः निर्जळ उपवासाच्या दिवशी, जलद टप्पे सर्वस्वी वर्ज्य करावेत. पारण्यानंतर दोन दिवस हलकेच चालून मग पूर्वपदावर यावे. आमच्या भगिनींना सकाळी बाहेर पडणे जमत नसल्यास घराचा जिना आहेच. एक मिनिट नेटाने चढणे, सावकाश उतरणे, थोडे फिरणे, पुन्हा चढणे, असे पाच-सहा वेळा केले तरी चालेल. आमच्या सौभाग्यवतींनी ह्या क्रमाने चार महिन्यांत आम्हांस मागे टाकले, हे नमूद न केल्यास घरी ह्या अंकाचे स्वागत होणार नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा श्रवणबेळगोळला गेलो. ह्या वेळी पायऱ्या चढताना चार ठिकाणी थांबलो. थांबलो तेव्हा बसलो नाही. थोरले बंधू डोलीत होते आणि आम्ही बहुतेक वाट त्यांच्या डोलीबरोबर चालत होतो. ते वर पोहोचेपर्यंत आमच्याशी बोलत राहिले, आम्ही मात्र जलद टप्प्यात असल्यामुळे हुंकारानेच उत्तर देत होतो.

व्हॅक्सिन डेपोतील आमची मंडळी आता चारांची अकरा झाली आहेत. घड्याळ कोणी सांभाळावे, ह्यावरून आरंभी वाद होत, म्हणून ते काम निवृत्त दिवाणजींकडे दिले आहे. तीन मिनिटे झाली की ते टाळी वाजवितात. मंद टप्प्यात कापसाचा भाव, जलद टप्प्यात मौन, असा शिरस्ता पडला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार, सकाळी सहा वाजता दाराशी जमावे. पावसाळ्यात सभागृहाच्या गच्चीखाली.